लाकडी डेकशी बाहेरच्या फर्निचरचा रंग कसा जुळवायचा? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पडवीला लागून लाकडी डेक बांधायची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. डेक उभा राहतो, सुतार स्टेन मारून निघून जातो आणि मग खुर्च्या-टेबलांच्या रंगावरून घरात वाद सुरू होतात. त्यातले जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टेन आणि ऑइल पेंट यात फरक काय? आणि खुर्च्या घेताना त्याचा काय संबंध?

पेंट लाकडावर थर धरून बसतो, स्टेन लाकडात मुरतो. म्हणून स्टेन दिलेल्या डेकवर रेषा आणि गाठी दिसत राहतात. डोळ्याला दिसणारा रंग मूळ लाकूड, स्टेन आणि डेकचं वय या तिघांचा मिळून झालेला असतो. डब्यावर ‘वॉलनट’ लिहिलेला एकच स्टेन सागावर तांबूस तपकिरी येतो, फणसावर पिवळी झाक राखतो आणि ऐनावर जवळजवळ काळपट दिसतो. तेव्हा शेडकार्ड घेऊन फर्निचरच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. डेकच्याच लाकडाचा फूटभर तुकडा सुताराकडून मागून घ्या, डेकइतकाच घासून त्याला स्टेनचे तितकेच हात द्या आणि तो पिशवीत टाकून न्या.

२. फर्निचर डेकच्याच रंगाचं घेतलं तर सगळं एकसारखं छान दिसणार नाही का?

तसं वाटतं खरं, पण तो रंग हुबेहूब कधीच मिळत नाही. डेकची फळी एका लाकडाची, खुर्ची दुसऱ्या. एकावर स्टेन, दुसऱ्यावर मशीनचं पॉलिश. रंग थोडक्यासाठी चुकला की जुळवायचा प्रयत्न फसलेला लगेच कळतो. त्यापेक्षा दोन-तीन शेड फिकट किंवा दोन-तीन शेड गडद घ्या, म्हणजे फरक मुद्दाम ठेवलेला दिसतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तपकिरी डेकवरचं तपकिरी स्टूल संध्याकाळी दिसत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर दिवेलागणीला अशा स्टुलाला पाय अडकून पडण्याची भीती खरी आहे.

मोबाइलवर डेक आणि खुर्ची यांचा एकत्र फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर ती खुर्ची घेऊ नका.

३. आमच्या डेकची झाक लालसर आहे की पिवळसर, हे ओळखायचं कसं?

सकाळी दहा-अकराच्या सुमारास कोरड्या डेकवर एक पांढराशुभ्र कागद ठेवा आणि कागदाच्या कडेला लागून असलेलं लाकूड पाहा. पांढऱ्याशेजारी लाकूड आपला खरा रंग दाखवतं: विटकरीकडे झुकलेलं असेल तर लालसर, हळदी-मधाकडे झुकलेलं असेल तर पिवळसर, आणि दोन्हींपैकी काहीच वाटलं नाही तर करडं. मग शेजारच्या फळीवर तांब्याभर पाणी ओता आणि ओला रंगही पाहून ठेवा. कोकणात वर्षातले चार महिने डेक त्याच रंगाचा असणार आहे.

संध्याकाळी मात्र ही पाहणी करू नका. आपला सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. साडेपाचनंतरचं तिरपं ऊन करड्या फळीलाही तांबूस करून टाकतं. फोटोवरूनही झाक ठरवू नका, कारण मोबाइल स्वतःच्या अंदाजाने रंग बदलतो. कृष्णधवल फोटो (प्रश्न २) फक्त गडद-फिकट पाहण्यापुरता.

४. डेक महोगनी रंगाचा आहे आणि घराच्या भिंती उघड्या जांभ्याच्या. खुर्च्या कुठल्या रंगाच्या घ्याव्यात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि तो कोकणातच येऊ शकतो. जांभा लाल, मंगलोरी कौलं लाल, अंगणातली माती लाल, त्यात डेकही लाल. तिथे विटकरी, शेंदरी किंवा तांबूस तपकिरी खुर्च्या ठेवल्या की नजर कुठेच ठरत नाही. अशा घरात उसंत देण्याचं काम फर्निचरने करायचं असतं.

लालसमोर निळसर-हिरवे रंग उठून दिसतात: मोरपंखी, गर्द निळा, पारवा, शेवाळी. मात्र ते शेजारीशेजारी आले की एकमेकांना भडक करतात. म्हणून खुर्च्यांसाठी या रंगांच्या मळकट, दबलेल्या छटा घ्या. लखलखीत मोरपंखी एखाद्या छोट्या तिवईवर किंवा दोन उशांवर शोभतो. सहा खुर्च्यांचा सगळा संच त्या रंगात घेतला तर महिन्याभरात डोळे थकतील. निर्णय होतच नसेल तर निळसर झाकेचा मध्यम राखाडी घ्या. लाल परिसरात तो मला आजवर कुठेच खटकलेला नाही.

भिंतीचं वयही लक्षात घ्या. नुकताच काढलेला चिरा (जांभ्याचा घडवलेला दगड) लाल-पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा असतो. हवा-पाणी लागून तो घट्ट होत जातो आणि काळवंडतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. जुन्या, काळपट चिऱ्यांसमोर फिकट खुर्च्या फार सुंदर दिसतात. नव्या, झगझगीत चिऱ्यांसमोर गडद आणि शांत रंग बरे.

५. सागाचा डेक आहे, सोनेरी मधासारखा. त्याच्यासोबत काय?

हे सगळ्यांत सोपं काम आहे. गर्द निळा, कोळशासारखा राखाडी, बाटलीचा हिरवा, मोतिया, यातलं काहीही चालेल. टाळायचे ते मोहरी, खाकी आणि फिकट पिवळसर वेत, कारण ते सागाच्या इतके जवळ जातात की प्रश्न २ मधली अडचण उभी राहते. हा सोनेरी रंग फार काळ टिकत नाही, हेही धरून चाला (प्रश्न ११).

६. आम्हाला गडद, जवळजवळ काळा डेक आवडतो. त्यावर फिकट फर्निचर शोभेल ना?

शोभेल. गव्हाळी, बदामी, फिकट राखाडी, सगळं उठून दिसेल. पण डेकला छप्पर नसेल तर आधी स्टेनचाच फेरविचार करा, असं कळकळीने सांगते. एप्रिल-मेमध्ये दुपारी गडद फळीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि आपल्याकडे घराभोवती लोक अनवाणीच वावरतात. वाडीतून येणाऱ्या प्रत्येक पावलाची लाल माती त्यावर उमटते, आणि समुद्र जवळ असेल तर मिठाची पांढरट पुटंही दिसतात. मध्यम तपकिरी स्टेन हे सगळं पोटात घेतो. पडवीच्या छपराखालचा डेक असेल तर हवा तेवढा गडद करा.

७. पांढऱ्या खुर्च्या चालतील का?

लालसर आणि गडद अशा दोन्ही डेकवर पांढरा रंग खुलतो यात शंका नाही. पण लाल मातीची धूळ, आंब्याच्या मोहराचा चिकटा, पावसाळ्यातले बुरशीचे काळे ठिपके आणि मेअखेर जांभळाचे डाग हे सगळं त्यावर दिसतं. रोज फडकं मारायला घरात माणूस असेल तर जरूर घ्या. घर महिन्यातून एकदा उघडलं जात असेल तर पांढऱ्याऐवजी बदामी किंवा मातकट क्रीम घ्या. लांबून ते तितकेच उजळ दिसतात आणि धूळ लपवतात.

८. काळं फर्निचर?

सावलीत उत्तम. उघड्यावर काळं धातूचं फर्निचर उन्हाने चटका देतं आणि खाऱ्या हवेची पांढरी पूड त्यावर सर्वांत जास्त उठून दिसते. काळ्याचा भारदस्तपणा हवा असेल तर कोळशाचा राखाडी घ्या.

९. मागे नारळी-पोफळीची वाडी किंवा समोर समुद्र असेल तर रंगाचा हिशेब बदलतो का?

बदलतो, आणि दोन्हीकडे वेगवेगळा.

वाडीच्या कडेला हिरवं फर्निचर झाडीत विरघळून जातं. काहींना तेच हवं असतं आणि ते चांगलंच दिसतं. पण मग डेक लालसर असू द्या, नाहीतर सगळा कोपरा अंधारा वाटतो. पोफळींची सावली मुळातच दाट असते. अशा ठिकाणी फिकट राखाडी, मोतिया किंवा अबोलीकडे झुकलेला मळकट गुलाबी हे रंग उजेड आणतात.

समुद्रासमोर मागचा उजेड इतका असतो की घरातून पाहताना खुर्चीचा रंग दिसतच नाही, तिची काळी आकृती दिसते. तिथे रंगावर डोकं शिणवण्यापेक्षा खुर्चीच्या आकाराकडे बघा. सडपातळ पायांच्या, मोकळ्या पाठीच्या खुर्च्या समुद्र अडवत नाहीत. रंग डेकशी जुळवा. समुद्राशी जुळवायला जाऊ नका, कारण तो जूनमध्ये गढूळ मातकट आणि डिसेंबरमध्ये निळा असतो.

१०. दुकानात छान दिसलेला रंग घरी वेगळा का दिसला?

दुकानात ट्यूबलाइट, खाली पांढरी फरशी. घरी मोकळं ऊन, खाली तांबूस लाकूड. खालच्या डेकचा रंग खुर्चीच्या खालच्या बाजूवर पडतो. फिकट खुर्चीवर तर स्पष्ट दिसतो. प्रश्न १ मधला तुकडा सोबत असेल तर खुर्ची दुकानाबाहेर उन्हात आणायला सांगा आणि तुकडा तिच्या पायाशी ठेवून बघा. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत.

११. डेकचा रंग तर बदलतच राहतो. मग जुळवायचं नेमकं कुठल्या रंगाशी?

या सगळ्या पानातला हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. माझं उत्तर ठाम आहे: दोन पावसाळ्यांनंतर डेक जसा दिसेल, त्याच्याशी जुळवा.

किनारपट्टीवर वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने ऊन. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन (तंतूंना धरून ठेवणारा घटक) तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर राहतो तो करडा तंतू. साग असो की अन्य काही, उघडं लाकूड शेवटी चंदेरी-राखाडी होतं. स्टेनमधलं रंगद्रव्य ही गती कमी करतं, थांबवत नाही. पारदर्शक स्टेनमध्ये रंगद्रव्य कमी म्हणून तो लवकर उतरतो. अर्धपारदर्शक जास्त टिकतो. उघड्या डेकवर अर्धपारदर्शक स्टेनही साधारण दोन वर्षांनी नवा हात मागतो.

याचा व्यवहारात अर्थ असा. महोगनी डेक दुसऱ्या दसऱ्यापर्यंत विटक्या गुलाबट-तपकिरीवर येतो. सोनेरी साग करडा-पिवळा होतो. वॉलनट मातकट होतो. पहिल्या दिवशीच्या झळाळत्या डेकशी जुळवलेल्या भडक खुर्च्या तेव्हा एकट्या पडतात. राखाडी, पारवा, शेवाळी, गव्हाळी, गर्द निळा हे रंग मात्र नव्या डेकवरही बसतात आणि विटलेल्यावरही. हौसेचे रंग उशांमध्ये आणा, त्या बदलता येतात (प्रश्न १५).

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर स्टेन दिलेल्या फळीचे दोन तुकडे करा. एक कपाटात ठेवा, दुसरा छपरावर उन्हापावसात टाका. वर्षाने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेत की फर्निचरवाल्याचा सल्ला लागणार नाही.

१२. आधी स्टेन की आधी फर्निचर? आणि कोकणात स्टेन मारायचा कधी?

आधी स्टेन, कारण डेक मोठा आणि फर्निचर बदलता येणारं. एकच अपवाद: घरात आधीपासूनचं फर्निचर आहे आणि तेच वापरायचं आहे (प्रश्न १९).

पावसाळा संपला की लगेच घाई करू नका. ऑक्टोबरच्या उन्हात फळ्या वरून खडखडीत वाटतात, आत ओल असते. ओलाव्याचा मीटर मिळाला तर पंधरा टक्क्यांच्या खाली आकडा येऊ द्या. मीटर नसेल तर फळीवर पाण्याचे थेंब टाका. काही मिनिटांत जिरले तर लाकूड स्टेन प्यायला तयार आहे, तसेच गोळे राहिले तर जुना स्टेन किंवा मेण अजून वर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. भर उन्हात मारू नका, स्टेन मुरण्याआधीच सुकतो आणि पट्टे उमटतात. सकाळचं दव वाळलं की सुरू करा आणि ऊन चढण्याआधी थांबा.

अनेकजण जवसाचं तेल चोळायला सांगतात. कोरड्या मुलखात ठीक, आपल्याकडे नको. त्या तेलावर बुरशी पोसते आणि श्रावणापर्यंत डेक काळा पडतो. शिवाय त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरल्याच तर पाण्यात भिजवून पसरून वाळवा.

१३. लोखंडी खुर्च्यांचे डेकवर काळे डाग पडले. गंज तर तांबडा असतो ना?

डाग जवळून पाहा. खुर्चीच्या पायाला लागून एक तांबूस कडं असतं, तो गंज. त्याच्याभोवती, लाकडाच्या रेषांमधून बोटभर लांब पसरलेली निळसर-काळी छटा असते, ती वेगळी. लाकडातलं टॅनिन (चहात असतं तसं तुरट द्रव्य) आणि पाण्यात उतरलेलं लोखंड मिळून ती तयार होते. जुन्या काळी शाई याच क्रियेने करत. ऐन, खैर, बाभूळ यांत टॅनिन भरपूर, त्यामुळे तिथे डाग जास्त गडद. साग सुद्धा सुटत नाही.

घासून हे डाग जात नाहीत, लाकूडच झिजतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं, मोझॅक फरशी पॉलिश करणारे वापरतात तेच. ते विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा घाला, मुलं-जनावरं लांब ठेवा. कोमट पाण्यात थोडं विरघळवून डागावर ब्रशने लावा, काळं फिकट झालं की भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुवा. तिथे लाकूड आजूबाजूपेक्षा उजळ होतं, म्हणून पूर्ण फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करा, नाहीतर काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग येईल. वाळल्यावर स्टेन पुन्हा द्यावा लागतो.

लोखंडी फर्निचर हवंच असेल तर आधी गॅल्व्हनाइज केलेलं (जस्ताचा थर दिलेलं) आणि त्यावर पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला रंग) असलेलं घ्या, पायांना रबरी बूच घाला आणि बूच फाटलं की त्याच दिवशी बदला. डेकचे खिळेही तपासा; साधे लोखंडी असतील तर प्रत्येक खिळ्याभोवती हाच डाग येणार आणि तुम्ही खुर्चीला दोष देत बसाल.

१४. मग समुद्राजवळ कुठलं फर्निचर टिकतं, ज्याचा रंग उतरणार नाही?

पावडर कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम माझी पहिली पसंती. लाल गंज येत नाही, रंग बराच काळ राहतो. ओरखडा पडला तर त्याच रंगाचा टचअप लगेच लावा. स्टेनलेस स्टील घेत असाल तर ३१६ ग्रेड मागा; ३०४ समुद्राकाठी चहाच्या रंगाचे डाग धरतं, आणि ते लालसर डेकवर लपले तरी करड्या डेकवर दिसतात. स्वस्त प्लास्टिक उन्हात पांढुरकं पडून पीठ सोडतं. गडद निळ्या-हिरव्यावर ते आधी जाणवतं.

अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, हे विसरू नका. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते त्यापुढच्या वर्षी मे महिन्यात. मिरगाची वाट न पाहता मेच्या मध्यावर हलकं सामान आत घ्या किंवा बांधून ठेवा.

१५. गाद्या-उशांचे रंग कसे ठरवायचे?

इथे मनासारखं करा. डेक आणि खुर्च्या शांत असतील तर उशा हळदी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी कुठल्याही घ्या. फक्त एक पाहा: उशीतला एखादा रंग डेकच्या झाकेशी नातं सांगणारा असावा, म्हणजे लालसर डेकवरच्या निळ्या उशीला विटकरी काठ असला की ती परकी वाटत नाही.

लाल-गुलाबी कापड उन्हात लवकर विटतं. ज्याच्या धाग्यातच रंग मुरवलेला असतो ते अ‍ॅक्रिलिक कापड महाग, पण उघड्यावर तेच परवडतं. साधं सुती कापड वापरायचं तर खोळी काढून धुता येतील अशा शिवा आणि रात्री आत न्या; दवाने सुद्धा बुरशी धरते. ओली गादी डेकवर राहिली तर तिचा रंग लाकडात उतरतो, विशेषतः गडद लाल आणि नीळ.

१६. वेताचं किंवा बांबूचं फर्निचर डेकवर कसं दिसेल?

दिसायला फार सुरेख, लालसर आणि गडद डेकवर तर विशेष. पण खरा वेत उघड्या डेकचा नाही, पडवीचा आहे. एका पावसाळ्यात गाठी सुटतात. उघड्यावर वेतासारखं विणलेलं सिंथेटिक घ्या. त्यात मधाच्या रंगापेक्षा राखाडी किंवा दोन रंगांचे धागे मिसळलेला प्रकार जास्त नैसर्गिक दिसतो.

१७. टेबल हलवलं तर खाली गडद चौकोन निघाला. आता?

तिथे ऊन पोहोचलं नव्हतं, म्हणून मूळ रंग टिकला. ओल साचून काळं झालं आहे का, हे आधी पाहा: बोटाने चोळल्यावर चिकट काळं लागलं तर बुरशी आहे, धुवावी लागेल. नुसताच रंग गडद असेल तर टेबल जागेवरून सरकवा आणि उन्हाला काम करू द्या, काही महिन्यांत फरक बराच कमी होतो. पुढे दर महिन्याला सामान हातभर सरकवत राहा. कुंड्यांखाली विटेचे तुकडे घाला. प्लास्टिकची चटई डेकवर कायमची अंथरू नका, तिच्याखाली चौकोनही उमटतो आणि लाकूडही कुजतं.

१८. दुरुस्तीत काही फळ्या वेगळ्या लाकडाच्या बसल्या. डेकच दोन रंगांचा दिसतो. फर्निचर कशाशी जुळवू?

जुन्या सागात मध्येच नव्या किंजळाच्या फळ्या, हे दृश्य नेहमीचं आहे. एकच स्टेन दिला तरी फरक राहतो (प्रश्न १). अपारदर्शक स्टेन मारला तर दोन्ही झाकले जातात, पण रेषा जातात. मला ते पटत नाही, तरी पर्याय आहे. दुसरा मार्ग सोपा आहे: दोन्हींपैकी गडद रंग धरा आणि त्याच्याहून स्पष्ट फिकट, एकाच रंगाचं फर्निचर घ्या. वर सगळं एकसारखं असलं की खालच्या ठिगळांकडे लक्ष जात नाही. रंगीबेरंगी खुर्च्या अशा डेकवर मुळीच नकोत.

डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा) डेक असेल तर त्याला स्टेन द्यायचाच नसतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत तो थोडा फिका पडतो आणि मग बराचसा स्थिर राहतो. फर्निचर त्यानंतर घ्या.

१९. आजोबांच्या वेळचं शिसवी बाकडं आणि सागाचा झोपाळा आहे. डेकशी जुळत नाही म्हणून पॉलिश काढून नवा रंग द्यायचा का?

कृपा करून देऊ नका. शिसवाचा तो काळसर जांभळट रंग आणि हात लागून आलेली चकाकी कुठल्या डब्यात मिळत नाही. इथे जुळवायचं ते डेकने. डेक नवा असेल तर बाकड्याहून स्पष्ट फिकट आणि कमी लालसर स्टेन निवडा. डेक आधीच झाला असेल तर बाकडं आणि डेक यांच्यामध्ये तिसरा रंग आणा: मोतिया किंवा पारवा गादी, खाली उचलता येणारी सुती सतरंजी. दोन लाकडं थेट एकमेकांना भिडली नाहीत की विसंगती जाणवत नाही.

झोपाळ्याच्या कड्या पितळी असतील तर त्याही तशाच ठेवा. समुद्राच्या हवेत पितळ काळपट होतं पण लोखंडासारखं डेकवर डाग पाडत नाही. आणि असं जुनं सामान पडवीच्या छपराखालीच असू द्या. गणपतीत घर भरलं की बाहेर काढायचा मोह होतो. त्या दिवसांत पाऊस असतो, म्हणून तेव्हा तरी आतच ठेवा.

२०. फर्निचर घेऊन झालंय, जुळत नाहीये, आणि परत करता येत नाही. काय बदलणं स्वस्त पडेल?

आधी थांबा आणि एक पावसाळा जाऊ द्या. नव्या डेकचा भडकपणा उतरला की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात (प्रश्न ११). तरी खटकलं तर उशांच्या खोळी बदला. त्याने भागलं नाही तर धातूच्या खुर्च्या पुन्हा पावडर कोटिंगला देता येतात; लाकडी खुर्च्या घासून रंगवता येतात.

डेकचा रंग बदलणं शेवटी ठेवा. फिकटवरून गडद करता येतो: धुवा, वाळवा, हलका पॉलिश पेपर मारा, गडद स्टेन द्या. गडदवरून फिकट करायचा तर जुना स्टेन पूर्ण घासून काढावा लागतो आणि खाचांमध्ये तो राहतोच. ते काम करायचंच ठरलं तर एका कोपऱ्यातल्या दोन फळ्या आधी करून घ्या, त्यावर एक खुर्ची ठेवा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघा आणि मगच कारागिराला पूर्ण डेकचे पैसे सांगा.